कथलाची कांडी कानाशी

फाईल पातळ असली की माझं डोकं तापतं. जाड फाईलीत निदान कुणीतरी कुणाशी भांडलेलं असतं. त्या मे महिन्यात माझ्या टेबलावर आलेली फाईल इतकी पातळ होती की पंख्याच्या वाऱ्यानं तिची पानं आपोआप उलटत होती.

मी तेव्हा मद्रासला सरकारी वकील होते. खून-मारामाऱ्या माझ्याकडे येत नसत. सरकारी खात्यात कुणी लबाडी केली, पुरवठ्यात खोट मिसळली, की तपास अधिकारी पुरावा गोळा करत आणि खटला उभा राहतो की नाही ते मी सांगायचं. साठ सालानंतरचे ते दिवस. काळा कोट घातलेली बाई आत शिरली की शिपाई आधी तिच्या मागून कोण साहेब येतोय ते बघायचा. बघू दे! मला कामात भारी मजा यायची. लबाड माणूस सापडण्याच्या बेताला आला की मला जो आनंद व्हायचा, तो लग्नाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

प्रकरण असं होतं. मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागातल्या एका सरकारी वसतिगृहातले कॉलेजचे विद्यार्थी आजारी पडत होते. पोटात कळा, अन्नावर वासना नाही, चेहरे पांढरेफटक. तपासाचा निष्कर्ष एका वाक्याचा: मुख्य स्वैपाकी अस्वच्छ, भांडी घाणेरडी. स्वैपाक्याला कामावरून दूर केलेलं होतं. सोमवारी चौकशी अधिकाऱ्यापुढे मी सरकारची बाजू मांडायची, की त्याला कायमचा काढून टाका आणि वर खटला भरा. त्याच्याविरुद्धचा मोठा साक्षीदार होता भांड्यांना कल्हई लावून देणारा कंत्राटदार.

"दोन ओळींचं काम आहे, उगाच कीस काढू नका," आमचे वरिष्ठ म्हणाले.

मला कीस काढू नका म्हणणं म्हणजे माकडाला झाड दाखवणं. तपास खात्यातल्या एका इन्स्पेक्टरला बरोबर घेऊन मी त्याच दुपारी वसतिगृहात गेले.

स्वैपाकी मागच्या खोलीत राहत होता. पन्नाशीचा, उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे. मला बघून उभा राहिला, पण गयावया केली नाही. तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, नोकरी जाईल तर जाऊ दे. कुठल्याही देवळाच्या मुदपाकखान्यात मला काम मिळेल. पण त्या पोरांनी हात मागे घेतले हो."

आमच्या तमिळ मुलखात पंगतीत रसम भातावर तर वाढतातच, पण शेवटी दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून गरम गरम पितातसुद्धा. वाढणारा पळीनं ओततो, पिणारा फुंकर मारतो. तपास सुरू झाल्याच्या दिवशी हा माणूस पळी घेऊन पंगतीत फिरला आणि एकामागून एक सगळ्या ओंजळी मिटल्या. पोरांना वाटलं, हाच विष घालतो. तो सांगत होता आणि त्याचा हात अजून पळी धरल्यासारखा वाकडा होता. मला त्या पोरांचा राग आला, मग वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं? त्यांची पोटं दुखत होती.

"तपासाला साहेब लोक आले ते कुठवर आले?" मी विचारलं.

"उंबऱ्यापर्यंत. पायात बूट होते ना."

मी इन्स्पेक्टरकडे बघितलं. तो छताकडे बघायला लागला. अय्यो देवा! सगळे अधिकारी चांगल्या घरचे. स्वैपाकघरात बूट घालून जायचं नाही हे आईनं शिकवलेलं, आणि सरकारी कामात बूट काढून मोज्यांवर उभं राहायची लाज. म्हणून सगळे उंबऱ्यावर उभे राहिले आणि भात, सांबार, रसम केळीच्या पानावर बाहेर मागवून घेतलं. ते प्रयोगशाळेत गेलं. त्यात किडा-मुंगी, बुरशी काही सापडलं नाही. तरी माणूस अस्वच्छ! भांड्याच्या आत एकानंही डोकावलं नव्हतं.

मी चपला काढल्या आणि आत गेले. रसमाचं पितळी पातेलं केवढं मोठं, मी आत वाकले तर माझाच आवाज घुमला. कल्हई नवी होती. पदराचं टोक मी आतून फिरवलं आणि उजेडात धरलं. पांढऱ्या काठावर राखाडी काळा पट्टा उमटला होता. पुन्हा फिरवलं, पुन्हा पट्टा! भांडं घासून स्वच्छ केलेलं, मग हा काळा रंग कल्हईचाच. माझ्या घरी कल्हईचं भांडं पुसून फडकं कधी काळं झालं नव्हतं.

कथील काळं करत नाही. शिसं करतं. आणि शिशाच्या भांड्यात रोज चिंचेचं आंबट रसम उकळलं तर पोटात काय जाईल, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

कल्हईसाठी कंत्राटदारानं दिलेल्या उरलेल्या कांड्या कोठीत होत्या. प्रत्येकीवर त्याचा घंटेचा छाप. इन्स्पेक्टरनं आता बूट काढले होते. त्यानं जुडगा बांधून लाखेचं सील लावलं.

घरी आल्याबरोबर सासूबाईंना गाठलं. आमचं घराणं तंजावरचं. आमची मराठी पुण्याची माणसं ऐकतात आणि गालात हसतात, पण भांड्याकुंड्यांची शिस्त आमच्याकडून शिकावी. आमच्याकडे कल्हईवाला दारात आला की त्याचं कथील वापरत नसत, घरचं द्यायचं. घरातलं कथील विकत घेताना ते कानाशी धरून वाकवायचं. खरं असलं तर आतून कुरकुर आवाज येतो. त्याला आम्ही कथील रडतं म्हणतो. शिसं मिसळलेलं रडत नाही. मला हे ठाऊक होतं, पण सोमवारी मला खऱ्या कथलाची कांडी हवी होती.

सासूबाईंनी फळीवरचा डबा काढला. "माझ्या लग्नातली ही. रुखवतातली. परत आणशील ना?"

"आणीन की."

"कोर्टात गेलेलं काही परत येतं का ग?" असं म्हणत त्यांनी ती माझ्या हातात ठेवलीच.

सोमवारी चौकशीची खोली भट्टीसारखी तापली होती. चौकशी अधिकारी निवृत्त न्यायाधीश होते, बोलायला कडक. स्वैपाकी कोपऱ्यात उभा. कंत्राटदार पांढरीशुभ्र वेष्टी नेसून, बोटांत अंगठ्या घालून खुर्चीत रेलला होता. मी सरकारची वकील, तो सरकारचा साक्षीदार, म्हणजे आम्ही एकाच बाजूचे. म्हणून तो माझ्याकडे बघून हसला. मीही हसले.

"तुमची कल्हई नावाजलेली आहे म्हणे," मी म्हटलं.

"वडिलांपासून हाच धंदा, अम्मा. निव्वळ कथील."

सील तोडून जुडगा त्याच्यापुढे ठेवला. "या कांड्या तुमच्याच? नीट बघा हं. नाहीतर कुणीतरी तुमच्या नावावर भलतंच खपवायचं."

त्यानं एकेक कांडी उलटसुलट केली. "माझीच घंटा! असा छाप अख्ख्या मद्रासेत दुसरा नाही."

लिहून घेणाऱ्या कारकुनानं ते वाक्य पुरतं लिहीपर्यंत मी गप्प राहिले. मग अधिकाऱ्यांना म्हटलं, "पंखा बंद करायची परवानगी हवी."

"या उकाड्यात?"

"एक गोष्ट ऐकायची आहे, सर."

पंखा घरघरत थांबला. सगळ्यांच्या कपाळावर घाम फुटला. मी सासूबाईंची कांडी अधिकाऱ्यांच्या कानाशी नेली आणि वाकवली. कुर्रर्र. त्यांच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा वाकवली. मग त्यांनी स्वतःच हातात घेतली आणि लहान मुलासारखी वाकवत बसले.

"आता ही." घंटेच्या छापाची कांडी मी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी वाकवली. काही नाही. दुसरी घेतली. काही नाही. बाहेर एक कावळा ओरडला, तेवढाच आवाज.

कंत्राटदार उठून उभा राहिला. "कथील जुनं झालं की मुकं होतं, सर! या कांड्या वर्षभर कोठीत पडल्या आहेत."

मला हसू आवरेना. "सर, तुमच्या हातात होती ती पहिली कांडी माझ्या सासूबाईंच्या रुखवतातली आहे. त्यांना आता नातवंडं आहेत."

खोलीत असा हशा उसळला की दारातला शिपाई आत डोकावला. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी पंखा सुरू करायला सांगितला आणि कांड्या, पातेलं, मी बरोबर आणलेली काळ्या पट्ट्याची साडीसुद्धा प्रयोगशाळेत पाठवायचा हुकूम लिहायला घेतला. मी कोपऱ्यात बघितलं. स्वैपाकी भिंतीला टेकून खाली बसला होता आणि तोंडावर उपरणं धरून रडत होता. मग मात्र माझाही धीर सुटला. काळा कोट घालून रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी फाईल नाकापुढे धरली. या कामाला तरी ती पातळ फाईल उपयोगी पडली.

प्रयोगशाळेचा निकाल आला: कथील नावाला, बाकी शिसं. कंत्राटदारावर खटला झाला आणि तो मीच चालवला. इतक्या आनंदानं मी दुसरा खटला चालवला नसेल. सासूबाईंची कांडी पुराव्यात जमा झाली ती झालीच. "सांगितलं होतं तुला," हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं ऐकलं.

स्वैपाकी परत कामावर आला त्या दिवशी त्यानं मला जेवायला बोलावलं. भांड्यांना नवी कल्हई झाली होती. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी विद्यार्थ्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. पण समजणं वेगळं आणि घशाखाली उतरणं वेगळं. मी पोरांच्याच पंगतीत पान मांडून बसले. भात झाला, सांबार झालं. मग तो रसमाची बादली आणि पळी घेऊन आला. तो पहिल्या पानापाशी थांबला, पण पळी वर उचलेना. सरकारनं निकाल दिला होता, प्रयोगशाळेनं दिला होता, आणि तरी हा माणूस गुन्हेगारासारखा उभा होता. माझी ओंजळ पुढे करायला माझे हात शिवशिवत होते, पण मी ते मांडीवर दाबून धरले. पाहुणीनं पिऊन काय उपयोग?

पहिल्या पानावरचा विद्यार्थी सगळ्यात जास्त आजारी पडलेला होता, अजून गाल बसलेलेच होते. त्यानं वर बघितलं. दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि म्हणाला, "ओता की, मामा. गार होतंय."