उसवलेली बाही

गळ्यातली टेप ती जेवतानासुद्धा काढायची नाही, म्हणून कपड्यांच्या बाजारात सगळे तिला टेपवालीच म्हणत. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत तिचं मशीन. पँटची उंची कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल, एवढंच काम. तोंडाने फटकळ, पण टाका असा की कपडा उलटा करून बघितला तरी सरळ. कोण जाड झालं, कोण वाळलं, हे हिला आधी कळायचं आणि ती ते तोंडावर सांगून मोकळी व्हायची. अशी बाई खचलेल्या लोकांचं दुःख फोनवर ऐकायचं शिकायला निघाली, तेव्हा तिच्या मोठ्या बहिणीला हसू आवरेना.

"तू? ऐकणार?" ताई म्हणाली. "अगं, माझ्या गाऊनची बाही उसवलीय म्हणून मी घसा फोडून सांगतेय, ते येत नाही तुझ्या कानावर. जगाचं काय ऐकणार, डोंबल!"

"शिवते गं. रविवारी."

"कुठल्या जन्मातल्या रविवारी?"

ताईचं बोलणं हे असंच. पण टेपवाली का निघाली होती, ते ताईला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी हिच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटला आणि हिची बोचकी जिन्यात आणून ठेवली. शेजारपाजाऱ्यांनी दारं लावून घेतली. जगण्यात काही राम उरला नाही, हे हिने मनाशी पक्कं केलं आणि एका दुपारी दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोलीत कडी लावून बसली. खिशात कुठल्याशा कागदावरून उतरवून घेतलेला एक नंबर होता. शेवटचं म्हणून तो फिरवला.

पलीकडे एक बाई होती. घोगरा आवाज, मधूनमधून कोरडा खोकला. हिला तर शब्दच फुटेना. तेव्हा ती बाई म्हणाली, "मी आहे इथे. घाई नाही. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर नुसत्या बसा. मी फोन ठेवणार नाही." आणि खरंच ठेवला नाही. त्या आवाजामागे बारीक टिक, टिक असं काहीतरी सतत वाजत होतं. हिला वाटलं, माझ्या काळजीने बाईचा जीव वरखाली होतोय, बोटं टेबलावर वाजताहेत तिची. आपल्यासाठी कुणाचा तरी जीव वरखाली होतोय, एवढ्यावर ती उठली, कडी काढली आणि राहिलेल्या पँटा शिवायला बसली. नवऱ्याने घालवल्याचं संध्याकाळी ताईला कुठूनसं कळलं. ती गाडी करून आली, बोचकी भरली आणि हिला वाटभर शिव्या घालत आपल्या दोन खोल्यांत घेऊन गेली. तेव्हापासून दोघी एकत्र. पण टेपवालीच्या लेखी तिला जगवलं ते त्या आवाजाने. त्या बाईला एकदा डोळ्यांनी बघायचं आणि हात धरून सांगायचं, की तुम्ही होतात म्हणून मी आहे. शिकायला जाण्यामागे एवढीच ओढ होती.

त्याच नंबरवाल्या संस्थेचे वर्ग शनिवारी दुपारी भरायचे, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि घरघरणारा पंखा. शिकवणारे सर मऊ बोलणारे, कधी आवाज चढवायचे नाहीत. पहिला नियम, सल्ला द्यायचा नाही. दुसरा नियम, सल्ला द्यायचाच नाही. लुटुपुटूच्या पहिल्या फोनवर समोरच्या मुलीने खोटं खोटं सांगितलं, की नवरा सोडून गेला. टेपवाली म्हणाली, "बरं झालं, पीडा गेली!" वर्ग खो खो हसला आणि सरांनी कपाळाला हात लावला. पण ही चिकट. हळूहळू जिभेला लगाम घातला. दुकानातही पँटचं माप घेताना गप्प राहू लागली, तशी गिऱ्हाइकं विचारायला लागली, बरं नाही का?

चौथ्या वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं: मी आहे इथे. घाई नाही.

"समोरचा माणूस गप्प झाला की हे म्हणायचं," सर म्हणाले. "दोन वाक्यांमध्ये एक श्वास घ्यायचा. हमखास चालतं. सगळे म्हणा माझ्यामागून."

आणि सगळे म्हणाले. शाळेत पाढे म्हणतात तसे, एका सुरात. पुढची वाक्यंही आली, बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर नुसत्या बसा. तीच, शब्द न शब्द तीच. सहा वर्षं टेपवालीने हे वाक्य सोन्यासारखं जपलं होतं, आणि इथे ते वाणसामानासारखं प्रत्येकाच्या पिशवीत पडत होतं. तिने नुसते ओठ हलवले.

तरी तिने मनाची समजूत घातली. वाक्य शिकवलेलं असेल, पण जीव तर खरा होता! ती टिकटिक कोण शिकवणार?

शेवटच्या शनिवारी सर म्हणाले, "आज आमच्या सगळ्यात जुन्या बाई पडद्याआड बसून फोन घेतील. तुम्ही इकडून ऐका." फोन आला. घोगरा आवाज. खोकला. आणि मागे, टिक, टिक, टिक. टेपवाली ताडकन उठली. सर हात करत होते, पण तिने पडदा सारला.

खुर्चीत एक लठ्ठशी म्हातारी बसली होती, कानाला हेडफोन. मांडीवर लोकरीचा गुंडा आणि हातात दोन लांब सुया. तोंडाने ती म्हणत होती, मी आहे इथे. आणि सुया एकमेकींवर आपटत होत्या.

फोन संपल्यावर टेपवालीने विचारलं, "तुम्ही नेहमी विणता?"

"अहो, नाहीतर दिवस कसा जाणार!" म्हातारी हसली. "एक स्वेटर मात्र धड होईल तर शपथ. मध्येच विणीतलं घर सुटतं, भोक पडतं. लेक म्हणते, आई, हा पायपुसण्याला घे."

"सहा वर्षांपूर्वी एक बाई होती. दुपारची. कपड्याच्या दुकानातून. काहीच बोलली नव्हती."

म्हातारीने चष्म्यावरून बघितलं. तिला आठवत नव्हतं, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "कुणी नात्यातली का तुमच्या? छे हो, नाही आठवत. आठवत बसले तर पुढचा फोन कसा घेऊ? चहा झाला का तुमचा?"

टेपवालीने चहा घेतला नाही. ती घरी आली आणि ताईने काही विचारायच्या आतच भडाभडा सगळं बोलून गेली. ती कडी, तो नंबर, ती म्हातारी, ते मेलं विणकाम. "फसवलं गं मला," ती म्हणाली. "मी मरायला निघाले होते आणि ती स्वेटर विणत होती!"

ताई ओटा पुसत होती. तिचा हात थांबला.

"मरायला निघाली होतीस?"

"हो."

"आणि मला नाही सांगितलंस."

"तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते! दोन थोबाडीत दिल्या असत्या. आणि मग कुशीत घेतलं असतं ना गं!" ताईने फडकं ओट्यावर आपटलं. "सहा वर्षं मी समजत होते, मीच सावरलं हिला. सहा वर्षं तुझ्यापुढे ताट वाढतेय मी, आणि तू मनातल्या मनात आभार मानतेस त्या लोकरवालीचे. फसवलं म्हणे! फसवलं ते कुणी कुणाला?"

टेपवालीने तोंड उघडलं. सल्ला द्यायचा नाही, खोडून काढायचं नाही, हे सगळं पाठ होतं. पण आता काय म्हणायचं, ते कुणी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून ताई बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, दिवा मालवायची. जेवढ्यास तेवढं. ती कटकट, ते टोमणे, बाहीची भुणभुण, सगळं बंद. टेपवालीला घर खायला उठायचं.

ती वर्गात पास झाली होती. जायचं नाही असं ठरवूनही पहिल्या पाळीला गेली, कारण घरात बसवेना. जाताना खुंटीवरचा ताईचा गाऊन पिशवीत टाकला. म्हातारी विणते तर विणो, मीही शिवते, हा एक राग होताच. पण त्याहून जास्त, ताईशी बोलायची दुसरी वाट तिला सापडत नव्हती.

फोन वाजला तेव्हा बाही निम्मी शिवून झाली होती. पलीकडे एक तरुण मुलगी. रडली, थोडं बोलली, मग एकदम गप्प झाली. टेपवालीने श्वास घेतला. "मी आहे इथे," ती म्हणाली. "घाई नाही." हात चालूच होता. सुईचा आवाज होत नाही, हे एक बरं.

"तुम्ही ऐकताय ना?" बऱ्याच वेळाने ती मुलगी म्हणाली. "घरी कुणाला माझ्याकडे बघायलासुद्धा वेळ नाही हो."

"ऐकतेय, बाळ. ठेवत नाही मी फोन."

शेवटी मुलगी म्हणाली, उद्या परत करीन फोन. उद्या म्हणाली, हेच पुष्कळ होतं. टेपवालीने दोरा दातांनी तोडला.

घरी येऊन तिने गाऊन ताईपुढे ठेवला. ताईने आधी तो बघितला, मग तिच्याकडे. कित्येक दिवसांनी तोंड उघडलं.

"आज तिकडे कुणी मरायला टेकलं नव्हतं वाटतं?"

"होती एक. तिच्याशी बोलता बोलताच शिवलं."

ताईने बाही उलटी केली, खिडकीशी नेली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. "इथे टाका वाकडा गेलाय."

टेपवाली पुढे झाली. खरंच गेला होता. बाहीच्या मध्यावर, ती मुलगी गप्प झाली होती तिथे, चार बोटं शिवण भरकटली होती. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तेवढा वेळ आपल्या हातात कुणाचं काय आहे, हे ती साफ विसरली होती. बघता बघता तिला त्या म्हातारीचे भोकं पडलेले स्वेटर आठवले, ती घरं कधी सुटत असतील ते कळलं आणि तिचा चेहरा उतरला.

"दे ताई. उसवून परत शिवते. आत्ता, तुझ्यासमोर."

"राहू दे," ताई म्हणाली. तिने गाऊनची घडी घातली आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिली. "घरच्या माणसाला काय, चालतं."