तांदळांवर लिहिलेले नाव

लाल पेन्सिलीने ते नाव खोडून त्यावर दुसरे लिहिताना माझ्या मनात कसलाही किंतु नव्हता. सुनेची पहिली कादंबरी छापली जात होती. तिची प्रुफे तिनेच माझ्या बैठकीवर आणून ठेवली होती. पहिल्या पानावर, जेथे लेखिकेचे नाव असते तेथे, तिचे माहेरचे नाव आले होते. छापखान्याने ते कुठल्या तरी जुन्या कागदावरून उचलले असावे, असे मी गृहीत धरले. समासात नेहमीची खूण केली, आमच्या घरातले तिचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि पान उलटले. मी वाईच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर लग्नपत्रिकांपासून प्रबंधांपर्यंत लोकांची प्रुफे तपासली. चूक दिसली की माझा हात मनाच्या आधी चालतो. त्याच दुपारी मुलाने पहिल्या सोळा पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि ते सांगलीच्या प्रकाशकाकडे पाठवले.

सून कुंडलची. ऊसवाले शेतकरी घराणे, वडील सैन्यातून निवृत्त. आमचा मुलगा शिरवळच्या कारखान्यात लागला, तेथेच दोघांची ओळख झाली. आमच्या घरात जातीबाहेरचे लग्न तोवर झालेले नव्हते. मी होकार द्यायला एक वर्ष घेतले आणि एकदा होकार दिल्यावर सारे विधी यथासांग केले. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहायची आमची रीत आहे. नाव मी निवडले होते. नक्षत्र पाहिले, अर्थ पाहिला, चार दिवस कोश चाळले. तिचे मूळचे नाव खेड्यातल्या जुन्या बायकांचे असते तसे, दोन अक्षरी आणि खडबडीत होते. देवाची हजार नावे रोज म्हणणाऱ्या मला वाटले, नवे नाव देणे म्हणजे प्रसाद देणे. पंधरा वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो. हे नवे नाव ऐकल्यावर तिच्या माहेराविषयी आमचे नातेवाईक फारसे विचारणार नाहीत, हेही तेव्हा माझ्या मनात होते. ते मी कोणाला सांगितले नाही.

ती वाचनवेडी. साताऱ्याच्या ग्रंथालयातून हल्लीच्या कादंबऱ्या आणायची, बहुतेक बायकांनी लिहिलेल्या. त्यांत घर सोडणारी असायची, घरात राहून परकी असणारी असायची, कधी दोन घरांच्या मध्ये उभी असलेली. चहाच्या वेळी आमचा वाद होई. मी म्हणे, "या सगळ्यांची तक्रार एकच. आणि वाक्ये किती सैल!" ती म्हणे, "बाबा, तक्रार एकच आहे, कारण अजून कोणी ऐकली नाही. वाक्यं मात्र सैल आहेत." मग हसून दुसरा कप ओती. ती स्वतःही तसलेच काही लिहीत आहे हे मला फार उशिरा कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाने वाढण्याच्या वेळेस, तिचा फोन वाजला. ती उभ्यानेच ऐकत होती. "नाही," म्हणाली. "नाही, ते बरोबर होतं." मग फोन माझ्यापुढे धरला.

प्रकाशक माझा जुना विद्यार्थी होता. "गुरुजी, वहिनी म्हणतात पहिलंच नाव ठेवा. पण दुरुस्ती तुमच्या हातची आहे. कव्हरची प्लेट त्याप्रमाणेच केली आहे, उद्या साडेदहाला मशीनवर चढेल. तुम्ही म्हणाल तसं करतो."

फोन माझ्या हातात होता. समोर सून उभी होती, हातात आमटीचा डाव तसाच. तिच्या स्वतःच्या पुस्तकावर कोणते नाव छापायचे हे तिच्या शब्दाने ठरत नव्हते, माझ्या शब्दाने ठरणार होते. आणि मला तो शब्द उच्चारता येईना. "उद्या सकाळी येऊन सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

"चुकलं काय यांचं?" पत्नीने सुनेला विचारले. "तेच तर नाव आहे तुझं."

"घरात आहे, आई. पुस्तकावर मला माझं हवंय."

"माझं म्हणजे? पंधरा वर्षं मी हाक मारली. तू ओ दिलीस. ते परकं होतं, तर मी हाक कोणाला मारत होते?"

सुनेने डाव पातेल्यात ठेवला. "परकं नाही म्हटलं मी."

"मग लोकांना काय सांगू? सुनेला घरातलं नाव नको झालं?"

"लोकांना काही सांगू नका. पुस्तकच थांबवते मी. अण्णांना बरं नाही म्हणतायत, दोन दिवस कुंडलला जाऊन येते."

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांना काहीही झालेले नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. मुलगा कामावर होता. तासाभरात ती लहानशी पिशवी घेऊन निघाली. दारात नेहमी "येते हं" म्हणते, त्या दिवशी म्हणाली नाही. घरात कोणीही जेवले नाही. पत्नीने पाने जशी मांडली होती तशीच उचलली.

उरलेली प्रुफे मी संध्याकाळपर्यंत वाचून काढली. त्या दिवशीची संध्या मी विलंबाने केली, हे माझ्या आयुष्यात क्वचित घडले असेल.

कादंबरीतल्या मुलीला आजीचे नाव आहे. आजीचा नवरा पलटणीत. पाण्याच्या पाळीला ती तान्हे पोर पाठीशी बांधून दारे धरून उसाला पाणी देते. नवऱ्याची पत्रे शाळामास्तरांकडून वाचून घेते आणि उत्तरात आपले नाव तेवढे स्वतः काढते, कारण तेवढेच तिला लिहिता येते. सुनेचे हेच दोन अक्षरी नाव मी खडबडीत ठरवले होते. ते कोणाचे, हे पंधरा वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

अकराव्या प्रकरणात तांदळांचे ताट होते. पूजा झाल्यावर सासू ते तांदूळ डब्यात ओतते. दुसऱ्या दिवशी त्यांचाच भात होतो आणि नवी सून आपले नवे नाव वरणाबरोबर कालवून खाते. हे आमच्याकडे खरेच घडले होते की काय, मला सांगता येणार नाही. स्वयंपाकघरात काय शिजते हे मी कधी पाहिले नव्हते. पण त्याआधीचा प्रसंग मी पुन्हापुन्हा वाचला. ताटापुढे सासरा वाकतो आणि सुनेला हळूच विचारतो, "नाव आवडलं का?" ती म्हणते, "छान आहे. पण माझं पण ठेवू या का?" सासरा उत्तर देण्याआधीच प्रकरण संपते.

मी तसे काही विचारले नव्हते.

पहाटेचे स्नान आणि पूजा आटोपून मी सहाची गाडी धरली. पत्नी दारापर्यंत आली. "काय सांगणार आहात तिथे?" तिने विचारले. मी म्हणालो, "पाहतो." ती म्हणाली, "म्हणजे ठरलंय तुमचं."

साताऱ्यापर्यंत गाडी वेळेवर होती. कराडच्या पुढे उसाचे दोन ट्रॅक्टर ट्रॉल्यांसह रस्त्यात आडवे होते, एका ट्रॉलीचे चाक निखळले होते. वाहक खाली उतरून भांडला, परत येऊन बसला, म्हणाला, "अर्धा तास तरी हाय आता." घड्याळात साडेआठ वाजले होते. मी प्रकाशकाला फोन केला. कोणी उचलला नाही. छापखान्यात मशीन सुरू असले की फोन ऐकू येत नाही, हे मी जाणत होतो. सुनेला केला. पूर्ण वाजून थांबला. पुन्हा केला, पुन्हा तसेच. एका वाक्याचे काम होते. काल दुपारी ते माझ्या हातात, तिच्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते केले नव्हते. आता गाडीच्या खिडकीपाशी बसून मी नाम घेत होतो, पण जपाच्या जागी ती दोनच अक्षरे पुन्हापुन्हा ओठांवर येत होती. ती मी आवरली नाहीत.

सांगलीच्या स्थानकावरून रिक्षाने छापखान्याशी उतरलो तेव्हा साडेदहाला पाच मिनिटे होती. आतून मशीनची घरघर येत होती. दारातल्या बाकावर सुनेचे वडील बसले होते, डोक्याला फेटा, हातात पाण्याची बाटली.

"आवं गुरुजी, लय उशीर केलासा! आमी म्हटलं, मुहूर्त बघून निघालं जणू."

"ती कोठे आहे?"

"आत हाय. प्रकाशकाला सांगाय आलीया, छापू नगा म्हणून. काल आल्यापास्नं पोरगी नीट जेवली न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाले, "एक इचारू? आमच्या आईच्या नावात वाईट काय हुतं?"

"वाईट काही नव्हते," मी म्हणालो. "मी विचारले नाही."

त्यांनी बाकावर सरकून मला वाट करून दिली.

आत मशीनवर दुसरेच काही छापले जात होते, कुठल्याशा संस्थेची पत्रके. कव्हरची प्लेट भिंतीला टेकून उभी होती. टेबलाच्या एका बाजूला प्रकाशक, दुसऱ्या बाजूला सून. मला पाहून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही.

"गुरुजी, बरं झालं आलात," प्रकाशक म्हणाला. "वहिनी पुस्तकच मागे घेतो म्हणतात. हे पत्रक उरकलं की मशीन मोकळं. काय करू?"

"माझे दुरुस्तीचे पान काढ."

त्याने फोटोवरून छापून घेतलेले पान काढले. माझी लाल खूण त्यावर करडी दिसत होती. प्रूफ तपासताना चुकून योग्य शब्द खोडला गेला, तर खोडलेल्या शब्दाखाली टिंबे देतात. त्याचा अर्थ, मूळचे होते ते तसेच ठेवावे. मी पेन्सिल काढली. वर लिहिलेले माझे नाव, म्हणजे मी दिलेले, खोडले आणि खालच्या दोन अक्षरांखाली टिंबे दिली. शेजारी सही केली.

"शाळेत माझी वही अशीच लाल करायचात," प्रकाशक म्हणाला. "पण तुम्ही स्वतःचीच खूण मागे घेतलेली पहिल्यांदा पाहतोय." त्याने प्लेट उचलून मशीनवाल्याला दिली. "नवी करायला सांग. कव्हर दुपारी चढव."

सून पान पाहत होती. मी पिशवीतून बाकीची प्रुफे काढली.

"अकराव्या प्रकरणात एक चूक आहे," मी म्हणालो. तिचा चेहरा पुन्हा ताठ झाला. "तो सासरा सुनेला विचारतो, नाव आवडले का. मी विचारले नव्हते."

"माहीत आहे, बाबा."

"मग ते काढायला हवे."

"विचारलं असतंत तर मी काय म्हटलं असतं, ते मला बघायचं होतं. म्हणून लिहिलं." मग प्रुफांकडे पाहत ती म्हणाली, "खूण केलीत का तिथे?"

"नाही."

"मग राहू दे."

दुपारी पहिले कव्हर हातात आले. तिच्या वडिलांनी ते दोन्ही हातांनी धरले, अंतरावर नेऊन वाचले, जवळ आणून वाचले. "म्हातारी कवा साळंत गेली न्हाई," ते म्हणाले, "अन् बघा कुठं येऊन बसली." फेट्याच्या शेवाने डोळे पुसून ते मशीनवाल्यावर ओरडले, "आरं, शाई वाळू दे की गड्या, हाताला लागतीया!"

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. कुंडलला उतरेल असे मला वाटत होते, पण तिने तिकीट वाईचे काढले. कराड आल्यावर मी विचारले, "घरात कोणत्या नावाने हाक मारू?"

"तुम्ही मारता तीच, बाबा. पंधरा वर्षं ओ दिली आहे. तेही आता माझंच आहे."

घरी पोचलो तेव्हा पत्नी ओसरीवर होती. तिने सुनेकडे पाहिले नाही. मला विचारले, "कोणतं छापलं?"

मी सांगितले. ती आत गेली. सुनेने पिशवी खाली ठेवली आणि तेथेच पायरीवर बसली, पाहुणे बसतात तशी, चपला न काढता. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली. आमच्या घरातल्या नावाने, जरा तुटक, रोजच्यापेक्षा मोठ्याने.

"आले, आई," ती म्हणाली आणि चपला काढू लागली.