प्रोसेसरला हळदकुंकू

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दादांइतका चिवट माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांचा चुलतभाऊ निघेल. यांच्या घरात कुठल्या वस्तूला मरायची परवानगीच नाही. मिक्सरला तिसरी मोटर, पंख्याला दुसऱ्याच पंख्याची पाती, आणि टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर इतका जुना, की तो सुरू झालेला खाली माझ्या घरात कळतो. "नवीन घ्या की आता," म्हटलं, तर म्हातारा बैल कसायाला द्यायला सांगितल्यासारखे बघतात. "साहेब, हाडापेरानं धडधाकट हाय तो. फक्त डोकं बदलायचं."

डोकं म्हणजे प्रोसेसर. दादांचं गाव विमानतळात गेलं, माणसं पांगली. तेव्हापासून गावच्या लग्नांच्या कॅसेटी गोळा करायच्या आणि कॉम्प्युटरवर उतरवून, साफसूफ करून टीव्हीवर चालतील अशा करायच्या, हा यांचा उद्योग. जुना प्रोसेसर एका लग्नाला दोन दिवस घ्यायचा आणि मध्येच तापून मान टाकायचा. मी शहाणपणा केला, म्हटलं आहेराची रांग कापा, दीड तास वाचेल. दादा खवळले. "कुनाला कापू? एकाचा मामा दिसला नाय, तर तो जन्मात बोलनार नाय माझ्याशी!"

खरी घाई होती ती आईसाठी. दादांची आई ऐंशीच्या पुढची, हल्ली विसरते. रोज सकाळी पिशवी भरून दाराशी बसायची, गावच्या घरी निघायला. घर पाडलं हे तिला रोज नव्यानं सांगावं लागे, आणि ती रोज नव्यानं रडे. दादांच्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ते घर होतं, अंगणासकट. तेवढं एकदा तिला दाखवायचं होतं, ती माणसं ओळखतेय तोवर.

शेवटी कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडे त्याच जातीचा, पण दमदार प्रोसेसर मिळाला. रविवारी मला टॉर्च धरायला बोलावलं. दादांनी तो पाटावर ठेवला, ज्यांतून वीज जाते त्या सोनेरी ठिपक्यांची बाजू वर करून. नवी वस्तू घरात आली म्हणून वहिनींनी त्या ठिपक्यांवरच हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता. मी तोंड उघडेपर्यंत दादांनी हात जोडले, अक्षता झटकल्या आणि कुंकवासकट तो बसवलाही. बटण दाबलं. ढिम्म!

"अहो दादा, ते कुंकू!"

"मग? शुभच हाय ना!"

पुढची सगळी दुपार स्पिरिट आणि कापसाचे बोळे. कुंकू पुसायचं म्हणजे अपशकुन, म्हणून वहिनी दारात उभ्या राहून प्रत्येक बोळ्याला दादांना देवाची माफी मागायला लावत होत्या. चारच्या सुमारास कॉम्प्युटरचा पंखा फिरला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्खं लग्न तयार झालं. आहेरासकट.

आईला टीव्हीसमोर बसवलं. अंगण दिसलं तरी ती गप्पच. दादांचा चेहरा उतरला. मग आहेराची रांग सुरू झाली, आणि म्हातारी एकेकाला नावानं हाक मारू लागली. "जेवल्याबिगर जाव नको रं!" तेवढ्यात पडद्यावर काठी टेकत एक फेटेवाले आजोबा पुढे आले, तिचे सासरे. आईनं लगबगीनं डोक्यावर पदर घेतला आणि दादांना दटावलं, "उठ! आजा आलाय, दिसत नाय तुला?"

ज्यांच्या तोंडाला एरवी टाळं लागत नाही, ते दादा निमूट उठले आणि खुर्ची रिकामी करून भिंतीला टेकून उभे राहिले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. हीच रांग मी कापायला सांगत होतो. मला बसवेना. मीही उठून त्यांच्याशेजारी उभा राहिलो.