मधली खुर्ची

शिकायला येणारे तिला पाठीमागे छडीबाई म्हणत. तिच्या हातात छडी कधीच नसे. बोलणंच असं की वळ उठावेत. घरातल्या मारहाणीला कंटाळून मदत मागायला येणाऱ्यांशी कसं बोलावं, हे ती समुपदेशकांना शिकवायची. मुलाच्या हातचा मार खाणारे म्हातारे वडील, परमुलखातून आलेली आणि इथली भाषा न कळणारी सून, आंधळी बाई, बहिरी बाई; सगळ्यांना एकाच मापाचा अंगरखा शिवू नका, असं ती बजावायची. पण पहिल्या दिवशी फळ्यावर एकच नियम लिहायची आणि शेवटपर्यंत तो कुणाला पुसू द्यायची नाही: सोबत आलेल्या नातेवाइकाला दुभाषा करायचं नाही.

त्या नियमाला तिच्या घरचं रक्त लागलं होतं.

तिची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. हातांनी बोलायची, आणि इतकं भराभर की आई म्हणायची, "हिची बोटं बांधून ठेवा रे, डोकं उठवलं हिनं!" लग्नानंतर नवऱ्यानं तिला जिन्यावरून ढकललं, तेव्हा छडीबाई तिला घेऊन समुपदेशन केंद्रात गेली. मागोमाग नवराही हजर झाला. तिथले साहेब म्हणाले, "यजमान आलेत ना? मग ताई, तुम्ही बाहेर बसा. नवराबायकोच्या मध्ये तिसरं माणूस कशाला?"

प्लायवूडच्या भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू आलं. नवराच दुभाषा झाला होता.

"पाय घसरला म्हणतेय. घरी जायचंय म्हणतेय."

"मग हात एवढे का हलवतायत?"

"सवयच आहे हो तिची. मनावर नका घेऊ."

दोघं हसले. मग साहेब म्हणाले, "जा, सुखानं नांदा."

छडीबाई दारात आडवी झाली, ओरडली. शिपायानं तिला बाजूला केलं. त्याच संध्याकाळी नवऱ्यानं धाकटीच्या उजव्या हाताची बोटं दारात चेंगरली. ती वाकडीच सांधली. तेव्हापासून धाकटीचे हात बोबडं बोलतात. नवरा तुरुंगात गेला, धाकटी ताईकडे आली. पण छडीबाईच्या मनात ठणकत राहिलं ते भिंतीपलीकडचं साहेबांचं हसणं.

आणि आता तेच साहेब तिच्या वर्गात पहिल्या रांगेत बसले होते. नव्या केंद्राचं प्रमुखपद त्यांना मिळणार होतं, पण छडीबाईची सही असलेलं प्रमाणपत्र आणलं तरच. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिनंही ओळख दिली नाही. आठवडाभर ती त्यांच्याशी इतकं गोड बोलली की शिकायला आलेली एक नर्सबाई कुजबुजली, "तब्येत बरी नाही वाटतं छडीबाईंची!"

शेवटच्या दिवशी खुर्च्यांचा खेळ असे. तीन खुर्च्या: एक समुपदेशकाची, मधली मदत मागणाऱ्याची, तिसरी सोबत आलेल्याची. छडीबाईनं नर्सला पहिल्या खुर्चीत बसवलं आणि मधलीकडे बोट केलं.

"साहेब, या. तुम्ही बहिऱ्या बाई. नवऱ्यानं जिन्यावरून ढकललंय, आज घरी परत गेलात तर जिवावर बेतेल. हे हातांनी सांगायचं. तोंडातून एक शब्द निघाला, तर नापास. नवरा मी होते."

साहेबांनी हसत कानात कापूस घातला. हातांनी जिना दाखवला, धक्का दाखवला.

"पाय घसरला म्हणतेय," छडीबाई म्हणाली.

साहेबांना अर्धवट ऐकू आलं. त्यांनी जोरजोरात नकाराचे हात केले.

"घरी जायचंय म्हणतेय."

"अहो, पण त्या तर नको नको म्हणतायत!" नर्स गोंधळली.

"सवयच आहे हो तिची. मनावर नका घेऊ." आणि छडीबाई हसली. अगदी तसंच, जसं तिनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

वर्गही हसला. साहेबांचे हात हवेतच थांबले. कपाळावर घाम फुटला. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना ती दारात आडवी झालेली ताई आठवली.

"जा," छडीबाई त्यांच्याकडे वाकून म्हणाली, "सुखानं नांदा."

साहेबांनी कापूस उपसून काढला. "हे मुद्दाम चाललंय!"

"मुद्दामच. मग काय चुकून?"

मागच्या बाकावरून धाकटी उठली. जेवणानंतर खुणांच्या भाषेचा तास तीच घ्यायची; साहेब त्या तासाला कधी थांबले नव्हते. तिनंही साहेबांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती पुढे आली आणि साहेबांकडे बघत वाकड्या बोटांनी काहीतरी बोलली.

साहेब छडीबाईकडे वळले. "काय... काय म्हणाल्या त्या?"

"मी कशी सांगू? मी तिची सख्खी बहीण." छडीबाईनं फळ्याकडे बोट केलं. "वाचा."

"मॅडम, माझं प्रमाणपत्र..."

"ती काय म्हणाली ते तिच्या भाषेत मला करून दाखवाल, त्या दिवशी सही. तोवर प्रत्येक तुकडीला यायचं आणि या खुर्चीत बसायचं. जेवण झालं की तिचा तास आहे. मुळाक्षरांपासून शिकवते ती."

साहेब दुपारी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. धाकटीच्या हातांकडे ते असे बघत होते, जणू प्रत्येक खुणेत त्यांनाच शाप दिला जातोय. छडीबाईनं ते डोळे भरून पाहिलं.

घरी आल्यावर धाकटी रागानं ताईसमोर उभी राहिली. वर्गात बोलली होती तेच तिनं पुन्हा केलं: "त्याला केवढा घाम आलाय. पाणी दे ना."

"नाही देणार," ताईनं हातांनीच उत्तर दिलं. "शिकू दे त्याला. पाणी कसं मागतात, तेही शिकू दे."