डावखुऱ्या हाताची गोधडी

मंदी आली तेव्हा आम्ही शारजात, अल नहदाला राहत होतो. नवऱ्याच्या कंपनीचे टॉवर अर्ध्यावर थांबले आणि त्याला लांब अबुधाबीपलीकडे रुवैसला नोकरी धरावी लागली. तो गुरुवारी रात्री यायचा, शनिवारी निघायचा. मधले दिवस मी आणि लेक.

लेक एसीच्या गारठ्यात माहेरची जुनी गोधडी पांघरायची. एकदा ती मधोमध उसवली. "आई, जस्ट थ्रो इट," लेक म्हणाली. मला ते जमेना. मी गोधडी मांडीवर घेऊन दारातच बसले होते, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या बाजी आल्या. त्या पाकिस्तानातल्या, सिंधमधल्या; बाजी म्हणजे त्यांच्याकडची ताई. तोवर आमचं नातं लिफ्टमध्ये हसण्यापुरतं.

त्यांनी गोधडीवरून हात फिरवला. "ये तो हमारी रल्ली है!" म्हणाल्या, आणि चप्पल काढून आतच आल्या.

मग रोज दुपारी आम्ही दोघी जमिनीवर बसून शिवू लागलो. वरचं विटलेलं लुगडं उचललं तर खाली दुसरीच गोधडी निघाली. परकराचे, खणाचे, कुणाच्या तरी सदऱ्याचे तुकडे. बोटभर चिंधीसुद्धा वाया घालवलेली नव्हती. बाजी टाके निरखत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाठें देखो. सब उल्टी तरफ से शुरू. ये औरत खब्बू थी."

मी लगेच आईला फोन लावला. "आपल्याकडे डावखुरं कोण होतं गं?"

आई म्हणाली, "तुझ्या बाबांची थोरली काकू. डाव्या हाताने वाढलेलं पंगतीत चालायचं नाही, म्हणून तिला स्वयंपाकघरात फारसं घेत नसत. ओसरीवर बसून शिवत असायची बिचारी. तुला का आठवली?"

"फोटो आहे तिचा?"

"तिचा कोण काढणार फोटो!"

फोन ठेवला आणि मी सुई डाव्या हातात धरून पाहिली. टाके वेडेवाकडे पडले, बोटाला टोचलं. बाजी हसल्या नाहीत. त्यांनी घरातून अजरखचा, त्यांच्याकडच्या ठशांच्या कापडाचा, एक तुकडा आणला आणि फाटक्या जागी बेतून लावला. "मेरी अम्मी का दुपट्टा," एवढंच म्हणाल्या. शिवताना त्या आपल्या आईबद्दल बोलत राहिल्या, मी बाबांच्या त्या कधी न पाहिलेल्या काकूबद्दल. दोघींनाही त्या बायका जवळ हव्या होत्या.

गोधडी पुरी झाली आणि थोड्याच दिवसांत बाजींच्या नवऱ्याचं दुकान बंद झालं. ते गावी परत निघाले. "खलास," त्या दारात म्हणाल्या. "इन्शाल्ला, फिर मिलेंगे." मी त्यांना गोधडी देऊ केली. त्यांनी ती घडी घालून परत माझ्याच हातात ठेवली.

हैदराबादहून, त्यांच्या सिंधमधल्या हैदराबादहून, एकदा फोन आला. मुलीच्या लग्नासाठी रल्ली शिवायला घेतली होती. त्यानंतर तो नंबर लागेनासा झाला.

आता आम्ही रास अल खैमाला असतो. खालच्या शिंप्याकडून कातरण मागून आणते आणि दुपारी शिवते. हाताला वळण लागलंय. पण टाका घालताना मध्येच मान वर होते, काहीतरी सांगायला, आणि समोर कुणी नसतं.