श्रावणातलं तेल
माशाच्या तेलाचा वास आला की मला मुलुंडचं आमचं जुनं घर आठवतं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि खालच्या पायरीशी बसून वर बघणारा आमचा म्हातारा लॅब्रेडॉर. त्याचे सांधे धरले होते. प्राण्यांच्या डॉक्टरांनी जेवणात घालायला माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या आणि मध्ये अजिबात सोडू नका, असं बजावलं. हळूहळू का होईना, तो पुन्हा जिना चढायला लागला. मग मी कामासाठी बाहेरगावी गेलो आणि परत आलो, तर स्वारी पुन्हा खालीच बसलेली. त्याला उचलून, धापा टाकत वर आणलं, तर ओट्यावरची बाटली गायब. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माळ्यार ठेवलंय. श्रावण आसा." मी म्हटलं, "अगं, श्रावण तू पाळतेस, तो नाही. औषध आहे ते त्याचं." "पण माशाचाच ना ता? आणि तो काय घराभायरचो आसा?" मी कपाळाला हात लावला, आणि तो लबाड तिच्याच पायाशी जाऊन पसरला. आज तो नाही, आणि आईचे गुडघे गेलेत. तिला मिळालेल्या गोळ्या कोळंबीच्या कवचापासून करतात. श्रावण लागलाय, म्हणून मी काल डबीवरचं मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शांतपणे गोळी गिळली, वर पाणी प्यायली आणि म्हणाली, "औषधाक कसलो रे श्रावण?"