दोनरुमाल्या मुकादमाचा प्लॉट

आमच्या बेटाचा नकाशा काढायला शाळेत सांगितलं की आम्ही दोन बटाटे काढायचो, एक मोठा, एक छोटा, आणि मधे फट. मोठा तो थोरलं बेट, छोटा ते धाकटं, आणि फट म्हणजे खाडी. भरतीला पाणी एका तोंडाने आत शिरायचं, ओहोटीला दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचं, आणि जाताना गावाने केलेली घाण बरोबर घेऊन जायचं. समुद्र हाच आमचा झाडूवाला, तोही बिनपगारी. आता माझी नातवंडं एकच बटाटा काढतात. मधली फट बुजली. ती कशी बुजली हे सांगायचं तर माझ्या साडूचीच गोष्ट सांगावी लागते, कारण ती सगळी त्याच्या नाकाखाली बुजली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नगरपालिकेच्या सफाई खात्यात मुकादम. गाव त्याला दोनरुमाल्या म्हणे. एक रुमाल नाकावर बांधलेला, दुसरा साबणाच्या वडीभोवती गुंडाळून खिशात. पहिल्याला वास लागला की दुसरा चढायचा. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी त्याला चालायचं नाही, बसायच्या बाकावर आधी कोण बसलं होतं याची तो चौकशी करायचा. आमचे सासरे मासळी विकायचे. लग्न ठरवताना त्यांनी त्याचा हात हातात घेतला, तर हा उठून सरळ मोरीत हात धुवायला गेला. आम्हाला वाटलं, मोडलं लग्न. सासरे म्हणाले, "मुलगा स्वच्छ आहे. पोरगी सुखात राहील."

असा माणूस सफाई खात्यात का गेला, असं तुम्ही विचाराल. त्याच्या हातात पाट्या रंगवायची कला होती. पण बेटावर दुकानं मोजकी, आणि एकदा पाटी रंगवली की बाप जाऊन पोरगा गल्ल्यावर बसेपर्यंत पुन्हा कोणी रंगवत नाही. कायमची नोकरी म्हणाल तर एकाच खात्यात होती. पोट नाकाच्या खाली असतं, पण हुकूम त्याचाच चालतो.

आणि ते खातं तरी कशामुळे निघालं, तेही ऐका. आमच्या पुढाऱ्यांना नगरपालिका हवी होती. अर्ज गेला. वरून उत्तर आलं, तुमच्याकडे पुरेशी जमीन नाही. दुसरं गाव असतं तर गप्प बसलं असतं. आमचे पुढारी म्हणाले, जमीन कमी आहे ना, मग वाढवू. दगडमाती पलीकडच्या किनाऱ्यावरून आणायची तर होड्या लागणार, कचरा मात्र घरचाच. चौकात सभा झाली. जे पुढे नगराध्यक्ष झाले ते म्हणाले, "कचरा ही आपली भावी जमीन आहे. बटाट्याची एक सालही वाया घालवू नका." लोकांनी अशा अभिमानाने घाण केली की विचारू नका. मासळीच्या कारखान्याने डोकी आणि आतडी दिली, दवाखान्याने जे काय देता येईल ते दिलं, घरोघरच्या बायकांनी खरकटं. खाडी बुजली, मोजणी झाली, नगरपालिका मिळाली, आणि खाडीत कचरा ओतून घेणारा जो माणूस होता तो, म्हणजे माझा साडू, मुकादम झाला.

समुद्राच्या मात्र नाकात बोळा कोंबल्यासारखं झालं. धक्क्याजवळचं पाणी हलेना. त्यावर रंगीत साय धरली. त्या सायीत मेलेले मासे पोट वर करून तरंगायचे आणि मांजरं त्यांना हुंगून निघून जायची. आमच्या बेटावरच्या मांजरांनी काय काय खाल्लंय ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो, मांजर जेव्हा मासा सोडून जातं तेव्हा माणसाने गाव सोडावं. पण आम्ही काही सोडलं नाही. आम्ही फक्त खिडक्या लावून घ्यायला शिकलो.

मुकादमाचं बिऱ्हाड मासळीबाजाराच्या माडीवर, नगरपालिकेच्या खोलीत. ताईने म्हणजे माझ्या मेहुणीने अख्खा संसार त्या एका खोलीत केला. लाकडी फळ्यांच्या फटीतून खालचा लिलाव ऐकू यायचा आणि खालचा वासही वर यायचा. मुलीच्या शाळेच्या गणवेशाला तो लागू नये म्हणून ताई तो पत्र्याच्या पेटीत ठेवायची. तिची एकच मागणी होती: जमिनीवरचं घर, स्वतःचं दार, दारापुढे वीतभर अंगण.

मुकादम निवृत्त झाला आणि खोली सोडायची वेळ आली. बेटावर मोकळी जागा एकच, बुजवलेली खाडी. नगरपालिकेने तिथे प्लॉट पाडले आणि जुन्या नोकरांना द्यायला काढले. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उजळतं म्हणतात, आमच्या उकिरड्याचं थोडं उशिरा उजळलं. ताईने सही करून घेतली. मुकादमाने सही केली ती डोळे मिटून.

घर पाहावं बांधून. मी गवंडी, तेव्हा पाया खणायचं काम माझ्यावर येणारच. मुकादम वाऱ्याची दिशा बघून दूर खुर्ची टाकून बसला. मी फावडं मारायचो, खालून काहीतरी यायचं, आणि तो बसल्या जागेवरून त्याची ओळख सांगायचा.

"काय आलं?"

"पिशव्या."

"त्या अलीकडच्या. खाली जा."

"डबे. गंजलेत."

"कारखान्याचा माल फुगला होता तो. फोडू नकोस."

पण मी एक फोडला होता. त्यातून जे बाहेर आलं त्याला मासा म्हणावं की मलम, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी टोपीने तोंड झाकलं.

"आता?"

"गाद्या आहेत, मुकादम."

"दवाखान्याच्या. हात लावलास?"

"लावला."

"मग आज घरी जाऊ नकोस."

त्याखाली काळा चिखल लागला, शिजवून विसरलेल्या कालवणासारखा, वर बुडबुडे. त्या चिखलातून एक पोस्टर वर आलं. निवडणुकीत पडलेला कुणी उमेदवार, हात जोडून अजून हसत होता. मी मुकादमाला दाखवलं. तो म्हणाला, "पूर परत. तिथे तो निवडून आला असेल."

दुपारकडे फावडं कशावर तरी खण्णकन आदळलं. ओढून काढलं तर लांबलचक, वाकलेलं, करडं, माणसापेक्षा उंच. ताई अंगणाची जागा झाडत होती, ती धावत आली. हात फिरवून बघितला.

"भावजी, लाकूड पक्कं आहे हो. उंबऱ्याला चालेल का?"

मुकादम खुर्चीतून उठला, जवळ आला, एक नजर टाकली आणि शेजारच्या भिंतीमागे जाऊन ओकला.

ती देवमाशाची बरगडी होती. एका वर्षी मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला होता, गोदामाएवढा, फुगलेला. नगरपालिकेची खास सभा भरली: हा मासा की कचरा? मासा असेल तर मासळी निरीक्षकाने बघावं, कचरा असेल तर सफाईने. निरीक्षक म्हणाला, "देवमासा हा मासाच नाही, सस्तन प्राणी आहे, शाळेत शिकवतात." म्हणून तो कचरा ठरला. तोवर ऊन लागून त्याची कातडी तडकायला लागली होती. मुकादमाने दोन्ही रुमाल एकावर एक बांधले आणि गडी घेऊन त्याला दोर लावला. ओढताना पोटाला बांबू टेकला आणि पोट फुटलं. समोर मुकादम उभा होता. बाकीचं सांगत नाही, तुम्हीही जेवत असाल. खाडीचा एक कोपरा तेव्हा भरायचा राहिला होता, देवमासा तिथे लोटला, वर वाळू टाकली आणि आम्ही विसरलो. मुकादम विसरला नव्हता. नेमका ताईच्या प्लॉटखाली तो देवमासा निघाला.

तो तोंड धुऊन परत आला. "मी इथे राहणार नाही," ताईला म्हणाला. "या जागेच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे. मीच भरवलंय."

"सगळी जमीन मढ्यांचीच असते," ताई म्हणाली. "तुमची यांच्याशी ओळख आहे, एवढंच."

"पोरीकडे जाऊ. तिथे चांगलं घर आहे."

"जावयाच्या घरी मी चार दिवस पाहुणी. पाचव्या दिवशी भांडीवाली. तुम्हाला जायचं तर जा."

"आणि तू?"

"भावजी भिंती उभ्या करतायत. माझ्याकडे दार आहे."

आता हा प्रश्न घराचा राहिला नव्हता. एवढी वर्षं एका खोलीत काढलेली दोन माणसं म्हातारपणी वेगळी होणार की काय, असा झाला होता. माझी बायको रडली. मी दोघांनाही समजावायला गेलो आणि दोघांनीही मला पाया खणायला परत पाठवलं. मी घर बांधलं, बरगडी पुन्हा पुरली, उंबऱ्याला लाकूडच घातलं. मुकादमाने खोलीची किल्ली नगरपालिकेत दिली, वळकटी घेतली आणि होडीत बसला. होडीवर तिकिटं फाडणारा म्हणाला, "घरजावई बघितले होते, मुकादम, घरसासरा आज बघतोय." मुकादमाने त्याच्याकडून सुटे पैसे घेतले नाहीत. अपमानामुळे नाही, नाणी ओली होती.

तीन-चार महिन्यांनी ताईने मला धाडलं. "बघून या फक्त. माझं नाव काढू नका."

जावयाचं घर पलीकडच्या किनाऱ्यावर, अगदी पाण्यासमोर. पांढऱ्या फरश्या, प्रत्येक खोलीत सुगंधाची कुपी. मुकादम दिवाणखान्यात बसला होता आणि समुद्राकडची खिडकी बंद होती. असला उकाडा, आणि खिडकी बंद.

"बाबा आल्यापासून उघडू देत नाहीत," मुलगी म्हणाली.

"का?"

मुकादम उठला आणि त्याने खिडकी उघडली. समोरच्या वाळूत डबे पडले होते, आमच्या कारखान्याचे. माशांची डोकी, त्यांवर माश्यांची चादर. फुगलेली पिशवी, तिच्यातून काहीतरी पिवळं गळत होतं. एक कुत्रं ते चाटत होतं. वास आला तो मी डोळे मिटूनही ओळखला असता, कारण त्यातच माझा जन्म गेला.

"रोजचं आहे," जावई अगदी आदराने म्हणाला. "तुमच्याकडची खाडी बुजली ना, बाबा, तेव्हापासून पाणी बेटाला वळसा घालून इकडे येतं. आणि तुमच्या बेटावरून लोक जे टाकतात ते घेऊन येतं. आम्हाला सवय झालीय."

मुकादम माझ्याकडे वळला. "त्या घाणीपासून पळून मी इथे आलो, आणि ती माझ्या आधी येऊन बसलीय. वर इथे तिच्यावर अत्तर मारतात. शी. अत्तर मारलेली घाण म्हणजे आजारी माणसाला नटवून वरातीत बसवल्यासारखं."

मुलगी म्हणाली, "मग कुपी काढते, बाबा."

"नको. तुमचं घर आहे." त्याने खिडकी पुन्हा लावली. मग मला म्हणाला, "ती एकटी काय करते?"

नाव काढायचं नाही असं मला बजावलं होतं. मी म्हणालो, "कोण?"

"उगाच शहाणपणा करू नकोस."

"अंगणात भोपळा लावलाय. देवमाशावर असा फोफावलाय की शेजारी बघायला येतात. घरीही नेतात."

"खातात?"

"खातात की."

त्याचं तोंड असं झालं की आता पुन्हा भिंत शोधावी लागणार. पण त्याने वळकटी बांधायला घेतली. बांधताना शिव्या देत होता: नगराध्यक्षाला, कारखान्याला, सभेत टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांना, आणि खाडीच्या काठावर उभं राहून "टाका, अजून टाका" म्हणणाऱ्या एका तरण्या मुकादमालाही. त्याला सगळ्यात जास्त.

आम्ही बेटावर उतरलो आणि बुजवलेल्या खाडीवरून चालत गेलो. तो पाय असे उचलत होता की जमीन जणू गरम तवा आहे. अंगणात भोपळ्याचे वेल सगळीकडे. ताई दारात उभी होती. मी लांबच थांबलो.

तो उंबऱ्याशी येऊन अडला. ताई आडवीही आली नाही आणि बाजूलाही झाली नाही.

"पाय पुसून या," ती म्हणाली.

"इथे राहून पाय पुसायचे?"

"बाहेरचं बाहेर. आत मी फरशी पुसलीय."

पायपुसणं दारात होतं. दोनरुमाल्या मुकादमाने आधी उजवा पाय पुसला, मग डावा, मग तळवा उलटून बघितला आणि पुन्हा उजवा. इतका वेळ पुसत राहिला की ताई शेवटी म्हणाली, "आता या. चामडं निघेल."

तो आत गेला. जाता जाता म्हणाला, "भोपळा मात्र मी खाणार नाही."

"तुम्हाला वाढतंय कोण," ताई म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.